एकरी हजार

1997 च्या जूनमध्ये मी एका एकरात हजार साग लावले आणि त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर हजाराला पन्नास हजारांनी गुणलं. पाच कोटी. मी प्राथमिक शाळेतला शिक्षक, त्यामुळे गुणाकार चुकायचा प्रश्न नव्हता. ते पान मी पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं.

पन्नास हजारांचा आकडा एका गुळगुळीत माहितीपत्रकातला होता. दोन मीटरवर एक रोप, ठिबकनं पाणी, वीस वर्षांनी तोड. त्या काळात आमच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी कुठल्याशा कंपनीच्या सागबागेतले 'युनिट' घेतले. घरी झाडाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र आलं, ते काहींनी चौकट करून भिंतीवर लावलं. 1999 साली सेबीनं अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले, पण तोवर त्या कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागलं होतं. माझ्याकडे निदान खरी झाडं होती, म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो.

रोपं ऊतिसंवर्धित होती आणि महाग होती. त्या शास्त्राला मी आजही नावं ठेवणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास मोठ्या सागाच्या ऊतींपासून रोपं तयार करून दाखवली होती, ते काम खणखणीत. पण रोप चांगलं म्हणजे वीस वर्षांत लाकूड तयार, ही पुढची उडी जाहिरातवाल्यांची, आणि त्यांच्या मागून माझी.

पहिली चूक जमिनीची. आमचं रान प्रवरेच्या कालव्याखालचं, काळं आणि खोल. उसाला उत्तम, म्हणून सागालाही उत्तम असणार, असं मीच ठरवून टाकलं. सागाला पाऊस भरपूर चालतो, पण पाण्याचा निचरा हवा आणि वर्षातले तीन-चार महिने कोरडेही हवेत. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून उभं राहणारं हे झाड. मुळाशी पाणी साचलेलं त्याला खपत नाही. खालच्या कोपऱ्यात कालव्याचा पाझर होता. तिथली दीडशे रोपं पिवळी पडत पडत तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत गेली.

त्यानंतर एका पावसाळ्याच्या अखेरीला अळीनं पानांची अशी जाळी केली, की शिरांशिवाय काही उरलं नाही. मी घाबरून फवारणीवर फवारणी केली. अशा जाळीनं वाढ मागे पडते, पण भरल्या वयाचं झाड सहसा मरत नाही, हे कळेपर्यंत औषधाच्या दुकानात उधारी झाली होती. असो.

खरी चूक सहाव्या वर्षीची. माझे मावसभाऊ चंद्रपूरकडे वनखात्यात होते. दिवाळीला आले, बागेत शिरले आणि मान वर करून बघत बसले. झाडं चांगली सरळसोट वाढली होती, शेंडे एकमेकांत गुंतले होते, खाली जमिनीवर उन्हाचा कवडसा नव्हता. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"अर्धी काढ," ते म्हणाले.

"दादा, अर्धी म्हणजे दोन कोटींच्या वर झाले!"

"झाडं कसली मोजतोस? घेर मोज."

त्यांनी समजावलं तेही साधंच होतं. साग उजेडाचा भुकेला. दाटीत सापडला की खालच्या फांद्या वाळतात, झाड उजेडासाठी नुसतं वर पळतं आणि खोड काठीसारखं राहतं. वनखात्यात पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली विरळणी करतात, दहाव्या-बाराव्या वर्षी दुसरी, आणि पुढेही करत राहतात. कमजोर, वाकडी, दुबेळकी झाडं आधी जातात. मला सगळं पटलं. संध्याकाळी कोयता-कुऱ्हाड घेऊन बागेत गेलोही. पण ज्या झाडावर कागदावरचे पन्नास हजार लटकलेले, ते जिवंत झाड पाडायला हात उठेना. मी परत आलो. सौ. म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष आलंच नाही.

मध्ये शाळेची सहल केरळात गेली तेव्हा निलांबूरची बाग पाहिली. मलबारचा कलेक्टर कॉनोली यानं चातू मेनन यांच्या मदतीनं 1840 च्या दशकात लावलेली. आधी सागाचं बी उगवेचना, म्हणून तेही हैराण झाले होते. तिथला एक तुकडा 1846 सालचा म्हणून राखून ठेवला आहे. जेमतेम पावणेसहा एकर आणि त्यात झाडं शंभराच्या आसपास, म्हणजे एकरी वीस. मुलांनी चौघाचौघांनी हात धरून एका झाडाला मिठी मारायचा खेळ केला. मी मात्र तिथं उभ्याउभ्या माझ्या साडेआठशेंचा हिशेब करत होतो. डोळ्यांपुढे उत्तर होतं, वाचलं मात्र नाही.

2014 साली, सतराव्या वर्षी, पैशाची गरज पडली आणि वखारवाल्याला बोलावलं. त्यानं छातीच्या उंचीवर टेप लावला. अठरा इंच. पुढचं झाड सतरा. त्यापुढचं एकोणीस. गोल लाकूड मोजायची त्याची रीत आता मला पाठ आहे: घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. अठराचा पाव साडेचार, त्याचा वर्ग सव्वावीस चौरस इंच. आठ फूट सरळ खोड धरलं तर लाकूड निघतं सव्वा घनफुटाहूनही कमी. हाच घेर दुप्पट, म्हणजे छत्तीस इंच असता, तर तेवढ्याच लांबीत चौपट लाकूड मिळालं असतं.

माझं समाधान व्हावं म्हणून त्यानं आधीच वाऱ्यानं पडलेलं एक झाड करवतीनं कापून दाखवलं. मधोमध तांबूस-पिवळा गाभा, चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. भोवती सगळं पांढरं.

"गुरुजी, दाराची चौकट या गाभ्याची होते. पांढऱ्याला वाळवी लागणार. मी हे बल्ली म्हणून नेईन, उक्त्या सौद्यात."

त्यानं सांगितलेली रक्कम इथं लिहीत नाही. ठिबक, रोपं आणि सतरा वर्षं तिथं ऊस न लावल्याचं नुकसान, एवढंही त्यातून निघत नव्हतं.

जाताजाता त्याची नजर बांधाकडे गेली. लावणीच्या वेळी उरलेली चाळीसेक रोपं मी बांधावर खोचली होती. त्यांना ठिबक नाही की खत नाही. शेळ्यांनी शेंडे खाल्ले, त्यातून जी जगली ती जगली. त्यानं टेप लावला आणि माझ्याकडे बघितलं. अडतीस इंच. दहा फुटांत सहा घनफूट. दोन्ही बाजूंनी उजेड, मुरमाड बांध, पाण्याचा निचरा, शेजारी दाटी नाही. त्या झाडांना मी जे दिलं नाही त्यावरच ती वाढली होती.

तीही लगेच विकता आली नाहीत. साग हे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतलं झाड. आपल्याच रानातलं असलं तरी परवानगी घ्यावी लागते, नंतर लाकडावर हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना. माझ्या सातबाऱ्यावर एका झाडाची नोंद नव्हती आणि बांध भावाच्या गटाला लागून. मोजणी, संमतीपत्र, पंचनामा यांत एक वर्ष गेलं.

पुढे मी निम्मी झाडं काढली, पण उशिरा. राहिलेली उंच आणि बारीक, एकमेकांच्या आधारानं उभी होती. आधार गेला आणि वळवाच्या एका वादळात पन्नास-साठ मोडली. बाकीची आता भरताहेत, पण ज्याचा पिसारा इतकी वर्षं दाटीत खुरटला ते झाड एकदम अंग धरत नाही. तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले, त्यातला एकेक राखला. गोठ्याचे नवे वासे त्याच बल्ल्यांचे आहेत, एवढी कमाई.

म्हणून सांगतो. साग लावायचाच तर आधी बांधावर लावा, पोटात दुसरं पीक चालू ठेवा. सलग लावणार असाल तर रान उताराचं, निचऱ्याचं बघा. महागडं रोपच हवं असं नाही. चांगल्या, सरळ, मोठ्या झाडाच्या बियांपासून केलेली वर्षाची जडी, म्हणजे मूळ आणि वर थोडं खोड राखून छाटलेलं रोप, अंगठ्याएवढी जाड, पहिल्या चांगल्या पावसात लावली आणि भोवतीची माती पायानं घट्ट दाबली की लागते. फुटव्यांतला एकच जोमदार ठेवा. लावतानाच कुठली झाडं सहाव्या वर्षी जाणार, हे मनाशी धरा. जमलं तर त्यांना चुन्याची खूण करा, म्हणजे जीव अडकत नाही. पहिल्याच वर्षी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करा. परवानगीचे नियम बदलत असतात, तेव्हा तोडीआधी वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, दलालाचं ऐकू नका. आणि वीस वर्षांचा भाव आज कुणी छापून देत असेल, तर त्याची स्वतःची बाग कुठं आहे ते विचारा. 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं, त्याचे फोटो दाखवून हल्ली पुन्हा रोपं खपवताहेत. ते जंगलातलं जुनं लाकूड. ठिबकवर वीस वर्षांत तसं होत नाही.

कुणाला बघायचं असेल तर रविवारी या. येताना टेप आणा. आधी बांध दाखवीन, मग बाग.