उघडून बघितल्याशिवाय बदलू नकोस

लालबाग,
नागपंचमी

चि. बंड्यास,

ताईचा फोन आला होता. हिंदमाताच्या पाण्यातून टॅक्सी काढलीस, दोन दिवसांनी चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटला, आणि गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून ‘अल्टरनेटर गेला, नवा टाका’ म्हणून सांगितलं. अजून हो म्हणू नकोस. शेजारचा मुलगा उद्या सकाळी ठाकुरद्वारला कामावर जाईल, त्याच्याच हाती हे पत्र देतोय.

बेस्टच्या दादर वर्कशॉपात माझी 32 वर्षं गेली. तिथे बसला 24 व्होल्ट, तुझ्या वॅगनारला 12, पण दुखणी तीच. पहिलं काम, बॅटरीला व्होल्टमीटर लाव. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर काटा 13.8 ते 14.4 मध्ये यायला हवा, आणि हेडलाइट, ब्लोअर लावूनही फार खाली जायला नको. खाली गेला तरी लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नकोस. पट्टा ढिला आहे का बघ. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, अर्थिंगची केबल बॉडीला नीट कसलेली आहे का, तेही बघ. पाण्यातून आलेल्या गाडीत मी हे कितीदा पाहिलंय. काटा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. जुने मिस्त्री त्याला अजून कटआउट म्हणतात.

आणि चार्जिंग तपासायला म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कुणालाही काढू देऊ नकोस. डायनामोच्या काळातली ती परीक्षा आहे. अल्टरनेटरचं व्होल्टेज अशा वेळी एकदम उसळतं आणि धडधाकट डायोड उडतात, कधी गाडीचा कंट्रोल युनिटही जातो.

एवढं करूनही चार्जिंग नसेल तर अल्टरनेटर उतरवून तुझ्यासमोर उघडायला लाव. कार्बन झिजून नखाएवढे उरलेले दिसतील. स्लिप रिंगवरून बोट फिरव, खाच लागली तर कळेल. बेअरिंग हातात घेऊन फिरव. पाणी शिरलं असेल तर त्यातून वाळू दळल्यासारखी खरखर येते. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोडची प्लेट हा सगळा बदलायचाच माल आहे, ऑपेरा हाऊसच्या दुकानांत मिळतो. त्यासाठी अख्खा अल्टरनेटर टाकून द्यायचं कारण नाही.

पण स्टेटरची तार काळी पडली असेल, जळक्या वॉर्निशचा वास येत असेल, तर माझं मत वेगळं आहे. रिवाइंडिंग करणारे हात पूर्वी खूप होते, आता चांगला कारागीर शोधावा लागतो. कच्चं काम झालं तर दोन महिन्यांत पुन्हा तेच, आणि उभ्या टॅक्सीचा रोज बुडतो तो वेगळाच. स्लिप रिंग घासून संपली असेल किंवा बॉडीला तडा असेल तरी नवाच घे. रीकंडिशन घ्यायची वेळ आलीच तर सगळे दिवे लावून, मीटर बघूनच पैसे दे.

बॅटरीही तपासून घे. सेल गेलेल्या बॅटरीला भरत राहून अल्टरनेटर तापतो. तीच ठेवलीस तर नवाही जळेल.

गणपतीला महिना उरला आणि तू ताईला, मुलांना घेऊन गावी निघणार, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. जुनी पद्मिनी डायनामो मेला तरी दिवसाउजेडी घर गाठायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनवरच चालायचा. तुझ्या गाडीत सीएनजीचा व्हॉल्व्हसुद्धा विजेवर उघडतो. रात्री, पावसात, हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू धरलं तर 25-30 अँपिअर सहज लागतात. तुझी बॅटरी 35 ची. हिशेब तूच कर, पेण ओलांडल्यावर अल्टरनेटर गेला तर तासाभरात गाडी काळोखात उभी राहील. तेव्हा दुरुस्ती करायची ठरली तर ती याच आठवड्यात कर, म्हणजे निघण्याआधी दोन-तीन आठवडे गाडी शहरात चालवून पारखता येईल. तेवढ्यात दिवा पुन्हा पेटला तर पैशांकडे न बघता नवा बसव. कमी पडले तर माझ्याकडून घेऊन जा, संकोच करू नकोस.

रविवारी सकाळी मी माझा मीटर घेऊन येतो. तोवर गाडी कुणाला उघडू देऊ नकोस, आणि रात्रीचं भाडं घेऊ नकोस.

तुझा,
मामा