दमा : बरे वाटले तरी औषध का थांबवू नये?

"डॉक्टर, पंप नको, सवय लागते. गोळ्याच द्या." पावसाळा सुरू झाला की चारकोपच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हाडाने 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने वसवलेल्या या वसाहतीत घराला घर लागून आहे, खाडीही जवळच. भिंतींना ओल येते, बुरशी धरते, त्यात डासांच्या कॉइलचा धूर. दमेकऱ्याला एवढे निमित्त पुरते.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज. धूळ, धूर, बुरशी किंवा साधी सर्दीही झाली की या नलिका आवळतात, चिकट कफ साचतो, छातीत शिटी वाजते. रात्री व पहाटे त्रास वाढतो. धाप थांबली तरी सूज राहू शकते, हे नीट ध्यानात घ्यावे.

पंप मुख्यतः दोन प्रकारचे. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेली नलिका काही मिनिटांत सैल करतो, पण सूज उतरवत नाही. ते काम अल्प मात्रेतील स्टेरॉइडच्या पंपाचे. तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बरे वाटत असतानाही घ्यावा. केवळ साल्ब्युटामॉलवर भिस्त ठेवणे धोक्याचे, असे दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही 2019 पासून सांगतात.

आता गोळीचा हिशेब पाहा. साल्ब्युटामॉलच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळीत 2000 मायक्रोग्रॅम औषध असते, पंपाच्या एका फवाऱ्यात 100. गोळीचे औषध सर्व शरीरात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते. त्याचे व्यसन लागत नाही.

पंप घेताना तो हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून कळ दाबताच सावकाश श्वास आत ओढावा व 10 सेकंद रोखावा. मुलांना व वृद्धांना स्पेसर लावून द्यावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंपानेही आराम नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला बसते ठेवून, वाटेत पंप देत, तडक रुग्णालय गाठावे.

औषध कमी करायचे असल्यास डॉक्टरांना विचारूनच करावे. दमा समूळ जाईलच असे नाही. पण नियमित औषधाने बहुतेकांना रात्रीची शांत झोप आणि जिना चढण्याचा दम नक्की मिळतो.