रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नकोस

अगं, थुंकताना गुलाबी फेस दिसला म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचंच बंद केलंस? आणि वर माउथवॉशची मोठी बाटली आणलीस! उलटं झालं बघ. हिरडीतून रक्त येतं ते बहुतेक वेळा ब्रश लागल्यामुळे नाही, दाताच्या मुळाशी थर साचून हिरडी सुजलेली असते म्हणून. सकाळी उठल्यावर दातांच्या मागून जीभ फिरव. बुळबुळीत लागतं ना, तोच तो.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासायचे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्याही झाल्या. म्हणजे दुखऱ्या जागी मऊ ब्रश जास्त मन लावून फिरवायचा, हिरडीच्या कडेला थोडा तिरपा धरून. जोर मात्र करायचा नाही.

आता तुझी बाटली. त्यावर क्लोरहेक्सिडीन लिहिलंय का ते आधी वाच. नुसता वास घालवणाऱ्या गुळण्या वेगळ्या. क्लोरहेक्सिडीन दातांना चिकटून राहतं आणि चूळ टाकल्यावरही कितीतरी तास जंतूंना वाढू देत नाही, म्हणून डॉक्टर ते देतात. ०.२ टक्क्याचं असेल तर साधारण दहा मिली, मिनिटभर तोंडात खळखळवायचं, दिवसातून दोनदा. गिळायचं नाही. पेस्टने दात घासल्या घासल्या घेऊ नकोस, अर्धा तास जाऊ दे. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर मरतो. नंतर लगेच पाण्याने चूळही भरायची नाही. आणि तुझा चहा! गुळणीनंतर लगेच घेतलास तर दात पिवळट-तपकिरी दिसायला लागतील. ते डाग दवाखान्यात निघतात, पण घाबरशील म्हणून आधीच सांगतेय. जिभेची चवही काही दिवस बिघडते. आमटी अळणी लागली तर आधी दुसऱ्या कुणाला चाखायला दे, नाहीतर घरातले सगळे खारट खातील.

हे दोनेक आठवड्यांपुरतं, तेही डॉक्टरांना विचारून. रोजच्या ब्रशची जागा ते घेत नाही. थर दगडासारखा कडक होऊन त्याचं कीटण झालं असेल, तर कुठल्याच बाटलीने ते सुटत नाही. स्केलिंगच करावं लागतं. त्याने दात हलतात म्हणे! अगं, कीटण निघालं की त्याने बुजलेल्या फटी उघड्या पडतात, एवढंच. आणि काकू म्हणतात तशी मिशरी चुकूनही लावू नकोस, ती भाजलेली तंबाखूच आहे.

दवाखान्यात गेलीस की साखरेचं सांग, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांग. पाळी चुकली असेल तर तेही लपवू नकोस, गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. आणि नीट घासूनही आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर मला फोन करत बसू नकोस, सरळ वेळ घे.