परदेशातील पहिले दिवस : आनंदीबाई जोशी यांचा पाठ शिकविताना

आनंदीबाई जोशी यांचे नाव वरिष्ठ प्राथमिक वर्गांतील मुलांस बहुधा ठाऊक असते. विचारले असता 'पहिली स्त्री डॉक्टर' हे उत्तर तयार असते. उत्तर देऊन मूल खाली बसते आणि शिक्षक पुढील नावाकडे वळतात. १८८३ चा जून आणि १८८६ चा मार्च यांच्या दरम्यान त्या मुलीने काय सोसले, विशेषतः पहिले दिवस कसे काढले, याविषयी वर्गात क्वचितच बोलणे होते. वास्तविक मुलांस आपलेसे वाटावे असे जे या चरित्रात आहे, ते तेथेच आहे.

पाठाचा आरंभ आपल्या परिसरापासून करावा. खांदेश्वरच्या आसपासच्या शाळांना याची सोय आयतीच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि तो येथून काही किलोमीटरांवरच आहे. विमानाचा आवाज आला की मुले खिडकीकडे पाहतात. त्यांस दटावण्यापेक्षा, 'यातून शिकावयास कोण जात असेल?' असा प्रश्न टाकावा. नंतर सांगावे की आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. खांदेश्वर स्थानकातून ठाणेमार्गे गाडीने सहज गाठता येईल इतके जवळ. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, आणि त्यांची एक बदली अलिबागेस झाली होती. रायगड जिल्ह्यातील मुलांस अलिबाग कोठे आहे हे सांगावे लागत नाही. दूरचे चरित्र असे दोन पावले जवळ येते.

वयाच्या नवव्या वर्षी विवाह झाला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. ही गोष्ट मुलांस सांगताना संकोच होतो, तरी ती गाळू नये. ती गाळली तर वैद्यक शिकण्याची एवढी तळमळ कोठून आली, हे मुलांस कळणारच नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीरपणे सांगितले. (हे श्रीरामपूर बंगालमधील, मुले अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नकाशात शोधू लागतील, हे ध्यानात ठेवावे.) ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या जहाजाने निघाल्या. त्या वेळी वयाची अठरा वर्षे पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. पती बरोबर नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. एप्रिलच्या सातव्या तारखेपासून दिवस मोजण्यास सांगावे, अठ्ठावन्न भरतात. गणिताचा वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

येथे शिक्षकांनी थांबावे. न्यूयॉर्कला त्यांना उतरून घेण्यास थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई आल्या होत्या. दोघींची त्यापूर्वी भेट नव्हती. ओळख होती ती केवळ पत्रांची. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आले होते. कार्पेंटरबाईंच्या ते वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन या मुलीस लिहावयास आरंभ केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पहिला उन्हाळा त्यांनी न्यूजर्सीतील रोझेल या गावी या मावशींच्याच घरी काढला. परक्या भूमीवर पाऊल ठेवताना आपले नाव जाणणारे एक माणूस समोर उभे आहे, एवढ्या एका गोष्टीने किती फरक पडतो, हे मुलांकडूनच बोलवून घ्यावे.

रोझेलहूनच त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज धाडला. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपणास शिकावयाचे आहे, असा त्याचा आशय होता. प्रवेश मिळाला. मग मात्र खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती पुस्तकांची नव्हती. आहार शाकाहारीच ठेवावयाचा, पोशाख साडीचाच. नऊवारी लुगड्यात पायांना थंडी लागे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. राहत्या खोलीतील शेगडी पेटविली तर खोलीभर धूर होई, न पेटवावी तर गारठा, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. फिलाडेल्फियात हिवाळ्यात पाणी गोठते. कोकणातील मुलास हे शब्दांनी कळत नाही. बर्फाचा तुकडा मुठीत धरावयास द्यावा, म्हणजे पुरे.

या पाठात शिक्षकांकडून एक चूक हमखास होते. ते आनंदीबाईंस प्रथमपासूनच धीरोदात्त करून टाकतात. अठरा वर्षांच्या मुलीस घरची आठवण आली नसेल, असे समजण्याचे कारण नाही. पत्राच्या उत्तरासाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पण प्रकृती ढासळली ती ढासळलीच. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही काम करणे घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे क्षयाने निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हा शेवट मुलांपासून लपवू नये, आणि त्यावर प्रवचनही करू नये.

आजही मुले बाहेरदेशी वैद्यक शिकावयास जातात. त्यांत व्हिएतनामला जाणारीही आहेत. खांदेश्वरात साडेदहा वाजता शाळेची घंटा झाली की हनोईत दुपारचे बारा वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात फिलाडेल्फियात मध्यरात्र. पृथ्वीगोल हाती घेऊन हे समजावता येते. व्हिएतनामी भाषेची लिपी रोमन, म्हणून वाचता येईल असे वाटते. परंतु 'मा' हा एकच उच्चार स्वर चढवून-उतरवून केला की त्याचे भूत, आई, थडगे, घोडा, भाताचे रोप असे निरनिराळे अर्थ होतात. नवा विद्यार्थी आई म्हणावयास जातो आणि भलतेच बोलून बसतो. जेवणात माशांचा खारट अर्क पुष्कळ पदार्थांत असतो, त्यामुळे शाकाहारी मुलास प्रथम 'चाय' हा शब्द शिकावा लागतो. तेथे तो चहाचा नव्हे, शाकाहाराचा वाचक आहे. मुले यावर हसतील. हसू द्यावे.

हसून झाल्यावर वर्गात दृष्टी टाकावी. खांदेश्वर, पनवेल या बाजूस बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर आलेल्या कुटुंबांची मुले मध्येच केव्हातरी शाळेत दाखल होतात. त्यांची घरची बोली निराळी, डब्यातील भाकरी निराळी. पहिल्या आठवड्यात ती बहुधा दाराजवळच्या ओळीत बसतात आणि पाणी पिण्यास कोठे जावे हेही कोणास विचारीत नाहीत. पाठाचा स्वाध्याय यांच्या आधारे द्यावा. मात्र त्यांचे नाव घेऊन नव्हे. प्रत्येक मुलाने लिहावे : माझ्या शाळेत उद्या नवा मुलगा आला, तर त्याला पहिल्या दिवशी मी कोणत्या तीन गोष्टी दाखवीन? आणि जे मूल स्वतःच नवे आहे, त्याला विचारावे की त्याच्या भाषेत 'मावशी' या नात्यास काय म्हणतात. तो शब्द फळ्यावर लिहावा आणि वर्गाकडून म्हणवून घ्यावा.

एका तासिकेत हे सारे बसणार नाही. प्रवासाचा नकाशा पहिल्या दिवशी, खोली व शेगडी दुसऱ्या दिवशी घ्यावी. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. ते शेवटी दाखवावे, आणि यांपैकी कोण कोठली हे मुलांस आधी न सांगता ओळखू द्यावे.