लोकरचना, राजकीय कल आणि मतदान : मुंबई शहराचा अभ्यास



मागील घटकात आपण मतदानवर्तनाचा सैद्धांतिक विचार केला. तोच विचार आता एका शहराला लावून पाहावयाचा आहे. ‘अमुक वस्ती अमुक पक्षाची’ हे विधान निवडणुकीच्या दिवसांत आपण नाक्यावर ऐकतो, वृत्तपत्रांतही वाचतो. त्यात तथ्य नसते असे नाही; परंतु वस्तीची रचना आणि तिचा कल यांच्या दरम्यान जे घडते, ते या विधानात गाळलेले असते.

लोकरचना म्हणजे केवळ जात, धर्म व भाषा यांची टक्केवारी नव्हे. वय, व्यवसाय, घर मालकीचे की भाड्याचे, त्या जागी वास्तव्य किती वर्षांचे, याही बाबी तिच्यात येतात. शेवटची बाब बहुधा दुर्लक्षित राहते, आणि मतदानाच्या प्रमाणाशी तिचाच संबंध निकटचा असतो.

गिरणगावाचा दाखला

लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांतील गिरणी कामगार प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून आलेला होता. १९६७ साली परळमधून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई विधानसभेवर निवडून आले. जून १९७० मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक यांनी देसाई यांच्या पत्नी सरोजिनी यांचा पराभव केला, आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला.

या तीन वर्षांत परळची लोकरचना बदलली होती काय? चाळी त्याच होत्या, गिरण्यांच्या पाळ्या त्याच होत्या, भाषाही तीच होती. तेथील रहिवासी एकाच वेळी कामगारही होता आणि मराठी माणूसही. पहिली ओळख युनियनने संघटित केली होती. दुसरी शिवसेनेची शाखा संघटित करीत होती. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, देशभर काँग्रेसची लाट असताना, संपाचे नेते दत्ता सामंत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून अपक्ष म्हणून विजयी झाले. याचा अर्थ असा की, लोकरचना शक्यता पुरविते. त्यांपैकी कोणती शक्यता मतपेटीपर्यंत पोहोचेल, हे संघटन आणि प्रसंग ठरवितात.

माणसे हलली, जागाही हलल्या

संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगारांची अनेक कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूर अशा ठिकाणी गेली. जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३ लाख होती, ती २०११ साली ३१ लाखांच्या आसपास आली. उपनगर जिल्ह्याची मात्र ८६ लाखांवरून सुमारे ९४ लाखांवर गेली. मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी विधानसभेच्या १७ जागा शहरात व १७ उपनगरात होत्या. २००९ च्या निवडणुकीपासून त्या १० व २६ झाल्या. एकाही मतदाराने आपले मत न बदलता शहराचे राजकीय वजन उत्तरेकडे सरकले. स्थलांतराचा हा परिणाम निकालांच्या चर्चेत क्वचितच सांगितला जातो.

मतदानाचे प्रमाण कसे वाचावे

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत सुमारे ४१ टक्के मतदान झाले. मतदानाचा दिवस ३० एप्रिल, गुरुवार. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मुंबईकर सहलीला गेला, असा ठपका तेव्हा ठेवण्यात आला. २०१४ मध्ये प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले. पण त्या वर्षी ते देशभरच वाढले होते, म्हणून सर्व श्रेय किंवा दोष सुट्टीला देता येत नाही. २००९ मध्ये सहाही जागा काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडीकडे होत्या, २०१४ मध्ये सहाही भाजप–शिवसेना युतीकडे गेल्या. पाच वर्षांत शहराची लोकरचना इतकी पालटत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेमुळे मराठी मतांची विभागणी झाली होती, हे कारण अधिक विचारार्ह आहे.

टक्केवारीचा छेदही तपासावा लागतो. छेद म्हणजे मतदारयादी. विरारला गेलेल्या कुटुंबाचे नाव लालबागच्या यादीत राहिले, तर ते कुटुंब कागदोपत्री ‘उदासीन’ ठरते. उलट, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि दर अकरा महिन्यांनी घर बदलणारा तरुण बहुधा यादीतच नसतो. म्हणून त्याचे मतदान न करणे टक्केवारीत दिसतसुद्धा नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नोंदणी ‘सामान्यतः रहिवासी’ असलेल्या ठिकाणी होते. ज्याचे गाव एकीकडे आणि रोजगार दुसरीकडे, त्याच्यासाठी ही अट कागदावर दिसते तितकी सोपी नाही.

कुलाबा मतदारसंघात मतदान कमी झाले की ‘श्रीमंत मतदार घराबाहेर पडत नाहीत’ असे म्हटले जाते. या मतदारसंघात कफ परेडच्या उंच इमारती आहेत, तसाच मच्छिमारनगरचा कोळीवाडा आहे आणि दाट झोपडवस्तीही आहे. एकूण टक्केवारीवरून यांपैकी कोण घरी बसले, हे कळत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याचा हा दोष विद्यार्थ्यांच्या उत्तरांत वारंवार आढळतो. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये मतदान केंद्रनिहाय मते मिळतात; त्यांचा आधार घेतल्यास चित्र पुष्कळ स्पष्ट होते. तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. मतदारयादीत जात वा धर्म नोंदलेला नसतो. आडनावावरून तो ठरविणे हा अंदाज होय, पुरावा नव्हे.

स्वयं-अध्ययन

आपल्या मतदान केंद्राची यादी पाहा. आपल्या इमारतीतील वा गल्लीतील किती नावे आता तेथे राहत नाहीत, आणि राहणाऱ्या किती प्रौढांची नावे यादीत नाहीत, याची मोजणी करा. ही दुरुस्ती केल्यावर मागील निवडणुकीतील मतदानाचे प्रमाण वाढते की घटते, ते आठ-दहा ओळींत लिहा. नोंदीत कोणाचेही नाव लिहू नये.