नवलेखनावरील अभिप्राय : सम्यक वाचेची कसोटी

आपल्या वस्त्यावस्त्यांतून आज नवे हात कविता-कथा लिहीत आहेत. जयंतीच्या व्यासपीठावर त्यांना टाळ्या मिळतात. अभिप्राय मात्र क्वचितच मिळतो.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात भगवान बुद्धांनी वाणीची कसोटी सांगितली आहे. वचन सत्य व हितकारक असावे आणि योग्य वेळी उच्चारावे. असत्य, अहितकारक वचन प्रिय असले तरी तथागत बोलत नाहीत. सत्य व हितकारक वचन अप्रिय असले तरी टाळत नाहीत. बालकाच्या तोंडात खडा अडकला, तर रक्त आले तरी तो काढावाच लागतो. त्यामागे करुणा असते.

हीच कसोटी नवलेखनाला लावावी. बाबासाहेबांवरील कवितेत केवळ सूर्य, क्रांती, महामानव असे शब्द असतील, तर ‘छान’ न म्हणता ‘तू स्वतः काय पाहिलेस?’ असे विचारावे. हे सत्य. कथेतील आजीची बोली ‘शुद्ध’ करू नये. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने वस्तीचे जगणे मराठी कथेत आणले, हे स्मरावे. हे हित. उणीव चारचौघांत न सांगता एकांतात सांगावी; आधी काय साधले, मग काय राहिले. ओळ मात्र ज्याची त्यालाच बदलू द्यावी. ही कालज्ञता.

खोट्या स्तुतीने लेखक खुंटतो, निष्ठुर टीकेने मुका होतो. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या लेकरांचे मुके होणे समाजाला परवडणारे नाही.