गळ्यातली घंटी

मागच्या उन्हाळ्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी दवाखान्यात आल्या. कुल्ल्यावर मोठा काळानिळा डाग होता. कोठे पडलात असे विचारले, तर उत्तर मिळाले, "पडली नाही जी, जराशी टेकली." सोबतच्या शेजारणीने मग खरे सांगितले. आजी पहाटे न्हाणीत घसरल्या आणि दूधवाला येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन तास, ओल्या फरशीवर पडून होत्या. मदतीसाठी दाबायचे, गळ्यात अडकवायचे बटण मुलाने पुण्याहून पाठविले होते. ते कपाटात होते. आजी म्हणाल्या, "गळ्यात घंटी बांधाले मी का गाय आहो?"

हसू आले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तासाच्या वर जमिनीवर पडून राहिले की शरीराच्याच भाराने स्नायू चेपतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. शिवाय अंगातील पाणी कमी होते, पाठीला जखमा होतात. हाड मोडले नाही तरीही हे घडते.

इंग्लंडात केंब्रिज येथे नव्वदीपुढील वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. तो अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे मदतीची घंटी होती. तरी पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ती वाजविलीच नाही! म्हणजे आमच्या आजी काही एकट्या नाहीत.

असे का व्हावे? माझ्या अनुभवाप्रमाणे म्हातारी माणसे पडण्याला भितात त्यापेक्षा पडल्याचे कळण्याला अधिक भितात. कळले की मुले म्हणणार, घर विका आणि आमच्याकडे चला. अमरावती-अकोल्यात चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाला पुण्याच्या सातव्या मजल्यावर करमत नाही. तेव्हा यंत्र देणाऱ्या मुलांनी आधी एवढा शब्द द्यावा, की घंटी वाजली म्हणून घर सुटणार नाही. कॅमेऱ्याबद्दल तर वृद्धांचा रागच रास्त वाटतो. न्हाणीत तो लावता येत नाही, आणि पडणे पुष्कळदा तेथेही घडते.

काही मनगटी घड्याळे पडण्याचा धक्का ओळखतात आणि माणूस मिनिटभर हलला नाही तर आपोआप फोन लावतात. सोय चांगली आहे. मात्र भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकलेला माणूस त्यांना कळेलच असे नाही. चार्जिंगला लावलेले किंवा आंघोळीला काढून ठेवलेले घड्याळ तर कामाचेच नाही.

आजींना मी वेगळे सुचविले. विजेच्या सामानाच्या दुकानात बिनवायरची दारावरची घंटी मिळते. तिचे बटण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्हाणीत जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवावे, म्हणजे पडल्यावरही हात पुरतो. घंटी शेजाऱ्यांच्या घरात लावावी. गळ्यात काही नाही, म्हणून आजींनी लगेच मान्य केले. दर रविवारी वाजवून पाहावी, सेल संपलेला असतो. न्हाणीची कडी आतून लावू नये.

पडण्याचे कारणही शोधले पाहिजे. रक्तदाबाच्या, झोपेच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना भोवळ येते. त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात. आजींचा उभ्याने मोजलेला रक्तदाब बराच खाली गेला होता, गोळी कमी करावी लागली. रात्री लघवीला उठताना मिनिटभर खाटेवर बसून मग उभे राहावे.

कोणी पडलेले दिसल्यास एकदम ओढून उठवू नये. पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, किंवा जांघेत कळ येत असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. अशा वेळी मालीश न करता, चालवून न पाहता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तोवर अंगावर चादर घालून जवळ बसावे.